बडोद्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने द्वारकेपर्यंत

सौराष्ट्राचा समुद्र आधी बघा आणि मग गोव्याला जा, असं मी परत आल्यापासून जो भेटेल त्याला सांगतेय, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढावं. आपल्याकडे डिसेंबरची सुट्टी लागली की रावपुऱ्यापासून मांजलपूरपर्यंत सगळी मराठी घरं गोवा नाहीतर कोकण बुक करतात. पण द्वारका, बेट द्वारका, ओखा हा सगळा ओखामंडळ, शिवाय कोडिनार, अमरेली, हे सगळं गायकवाडीत होतं. आपल्या पणजोबांच्या काळात बडोद्याच्या कचेऱ्यांतली माणसं बदली होऊन तिकडे जायची, आणि आज आपल्या मुलांना द्वारका म्हणजे फक्त टीव्हीवरची द्वारका माहीत.

तर आम्ही चौघं, मी, नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते. स्वतःची गाडी, राहायचं सगळं आधीच ठरवलेलं, आणि डब्यात लिलो चिवडो आणि भाकरवडी.

शनिवार : भावनगर आणि कोळियाक

पहाटे अंधारातच निघालो. वासद, तारापूर, वटामण आणि मग धोलेऱ्याचा रस्ता. वटामण सोडलं की झाडं कमी होत जातात, जमीन पांढरट खारी दिसायला लागते आणि हवेचा वासच बदलतो. भावनगरच्या अलीकडे गाठियासाठी थांबलो. वणेला गाठिया तुमच्यासमोर पाटावर हाताने वळून सरळ तेलात, बरोबर पपईचा संभारो, तळलेल्या मिरच्या आणि पातळ कढी. आई बडोद्याला बाहेरचं तळलेलं खात नाहीत, इथे त्यांनी दुसऱ्यांदा मागवले.

भावनगरला हॉटेलात सामान टाकून लगेच कोळियाकला गेलो, पंचवीसेक किलोमीटर असेल. तिथे निष्कलंक महादेव आहे, भर समुद्रात. भरतीला फक्त ध्वजाचा खांब दिसतो, ओहोटी लागली की पाणी मागे मागे जातं आणि किलोमीटरभर ओल्या चिखलावरून चालत जायचं, पुढे दगडी चौथऱ्यावर पाच शिवलिंगं आणि प्रत्येकासमोर नंदी. पांडव युद्धानंतर इथे आले आणि त्यांचा कलंक गेला अशी कथा. खंभातच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा, रुंद तोंडातून आत आलेलं पाणी पुढे चिंचोळ्या जागेत कोंडतं आणि वर चढतं, त्यामुळे भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. म्हणजे तीन मजली घर बुडेल इतकं पाणी रोज येतं आणि जातं! पुस्तकात वाचलेलं होतं, पण ज्या चिखलावर आपण उभे आहोत तिथे चार तासांनी बोट चालेल हे कळल्यावर पोटात काहीतरी होतं.

आईंचे पाय चिखलात रुतत होते. फुलं-नारळ विकणारी एक बाई आपली टोपली दुसरीकडे देऊन आली आणि त्यांचा हात धरून थेट चौथऱ्यापर्यंत घेऊन गेली. वाटेत तिने आईंना विचारलं, "बा, मुंबईथी?" आई म्हणाल्या, "ना बेन, वडोदराथी, पण मराठी." तर ती म्हणाली मग काय, आपलेच की. पैसे द्यायला गेलो तर फक्त नारळाचे घेतले. परत फिरायची वेळ पण तिनेच सांगितली, म्हणाली पाणी वळलं की ते मागून नाही येत, बाजूच्या ओघळीतून येतं आणि तुम्हाला कळतही नाही.

इथे येणाऱ्यांनी ओहोटीची वेळ बघूनच यावं, ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं. चपला गाडीतच काढा, चिखल घसरतो, आणि म्हाताऱ्या माणसांना काठी द्या.

रविवार : अलंग, महुवा, राजुला, दीव

तळाजाच्या आधी अलंगचा फाटा लागतो. जुनी जहाजं तोडायचं काम इथे १९८३ पासून चालतं, जगातल्या सगळ्यात मोठ्या यार्डांपैकी एक. आत यार्डात परवानगीशिवाय सोडत नाहीत, पण बाहेरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, त्यात जहाजातून निघालेलं काहीही मिळतं. केबिनचे दरवाजे, गाद्या, पंखे, व्यायामाची मशीनं, लाइफ जॅकेट, आणि कपबश्या तर ढिगाने. मी सहा पांढऱ्या जाड बश्या घेतल्या, मागे कुठल्यातरी परदेशी जहाज कंपनीचा निळा शिक्का आहे. भाव नक्की करा, पहिला सांगितलेला भाव कोणीच देत नाही.

महुवा नारळाच्या झाडांमुळे एकदम हिरवं दिसतं. इथला कांदा प्रसिद्ध, तो सुकवून त्याची पूड करायचे कारखाने रस्त्याच्या कडेला आहेत, गाडीच्या काचा बंद असल्या तरी वास आत येतो.

राजुल्याच्या पुढे टायर बसला. स्टेपनीत पण हवा कमी निघाली, म्हणून नवरा एका बाइकवाल्याच्या मागे बसून पंक्चरवाल्याला आणायला गेला. आम्ही चहाच्या टपरीवर. टपरीवाला काका बोलका होता, आईंना खाट दिली, आणि सहज म्हणाला की परवा रात्री समोरच्या शेतात सावज होतं. गीरकडची माणसं सिंहाला सावज म्हणतात. मुलगा खुर्चीतून उठलाच. आपल्याला वाटतं सिंह म्हणजे गीरच्या जंगलात, जीपमधून, परमिट काढून. पण इथे राजुला, जाफराबाद, पिपावाव या समुद्राकडच्या पट्ट्यातसुद्धा सिंह राहतात, कापसाच्या शेताजवळून, रेल्वेच्या रुळाजवळून फिरतात. २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह मोजले, ते एकट्या गीरमध्ये मावणार कसे. काकाला विचारलं भीती नाही वाटत? म्हणाला, रानडुकरं आणि नीलगाय पिकाची नासाडी करतात, सावज आलं की त्या पळतात, त्याच्या वाटेत आपण यायचं नाही एवढंच. त्याची एक म्हैस गेली होती ते पण सांगितलं, पण रागाने नाही. मला तो माणूस फार मोठा वाटला.

तिथून जाफराबादचा फाटा गेला. जाफराबाद म्हणजे बोंबील, पण मला माहीत असलेली दुसरी गोष्ट अशी की हे गाव जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यात होतं. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना जो जंजिरा मिळाला नाही त्याच्या नवाबाची जहागीर इथे काठियावाडात. नकाशावर कोकण आणि काठियावाड लांब दिसतात, गलबतात बसलेल्या माणसाला ते शेजारी होते.

दीवला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. रूमचा थोडा घोळ झाला, हॉटेलचं नाव घेत नाही, अर्ध्या तासात मिटलं. लगेच नागवा बीच. घोड्याच्या नालासारखा किनारा आणि मागे होक्याची झाडं. ताडाच्या जातीचं झाड, पण याला फांद्या फुटतात, खोड दोन-दोन वेळा दुभंगत वर जातं. भारतात फार कमी ठिकाणी आहे.

सोमवार : दीव

सकाळी वारा इतका थंड की स्वेटर लागला आणि अकरा वाजता उन्हाचा तडका असा की डोकं तापतं. टोपी, पाणी आणि सनस्क्रीन, तिन्ही हवंच.

दीवच्या किल्ल्याला निदान तीन तास द्या. तीन बाजूंनी समुद्र आणि जमिनीच्या बाजूला खडक फोडून केलेला खंदक. मला इतिहासात रस आहे म्हणून सांगते, वसई आणि दीव ही एकाच घरातली गोष्ट आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीने पोर्तुगीजांकडे वळला, १५३४ मध्ये त्याने वसई त्यांना देऊन टाकली आणि पुढच्या वर्षी दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. नंतर त्याला पस्तावा झाला, बोलणी करायला तो पोर्तुगीज जहाजावर गेला आणि परतताना १५३७ मध्ये इथल्याच पाण्यात मारला गेला. वसई चिमाजी अप्पांनी १७३९ ला सोडवली. दीव मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिलं, सव्वाचारशे वर्षं! तटावर उभं राहून मी मुलाला हे सगळं सांगितलं आणि नेहमी मोबाइलमध्ये असलेला मुलगा तोफांवरची अक्षरं वाचत फिरला. समोर पाण्यात पाणीकोठा आहे, जहाजाच्या आकाराचा छोटा किल्ला, संध्याकाळी दिव्यांत छान दिसतो.

सेंट पॉलचं चर्च १६१० चं, आत लाकडावरचं कोरीवकाम बघत मान दुखते. चर्चच्या मागच्या गल्ल्यांमध्ये जुनी रंगीत घरं आहेत, एका ओट्यावर एक आजोबा बसले होते. आईंना बसा म्हणाले आणि गप्पा सुरू झाल्या. लहानपणी पोर्तुगीज शाळेत होते, अजून कविता पाठ आहे, म्हणूनही दाखवली. ६१ सालची लढाई त्यांनी पाहिली आहे. वरून विमानं आणि समुद्रातून आयएनएस दिल्लीच्या तोफा किल्ल्यावर, त्यांच्या आईने सगळ्या भावंडांना जिन्याखाली बसवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर भारताचे जवान बघून आधी कोणी बोलेचना, कारण कोण काय बोलणार हे कळत नव्हतं. आता त्यांची दोन मुलं लिस्बनला आणि एक लेस्टरला. दीवमध्ये घरोघर असंच आहे, अर्धी गल्ली कुलपात. आई त्यांना म्हणाल्या, आमच्या बडोद्यात अमेरिकेमुळे तसंच आहे. मग दोघंही जरा वेळ गप्प बसले.

गंगेश्वरला खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, प्रत्येक लाट येऊन त्यांच्यावर पाणी घालून जाते. नायडा गुंफा म्हणजे पोर्तुगीजांनी बांधकामासाठी दगड काढलेल्या खाणी, आत वरून उन्हाचे झोत पडतात, फोटोसाठी दुपारी बारा-एकला जा.

आणि खुकरी स्मारक चुकवू नका. टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, काचेत जहाजाची प्रतिकृती. आयएनएस खुकरी ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून चाळीसेक सागरी मैलांवर पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला शेवटपर्यंत जहाजावरच थांबले. आम्ही गेलो तेव्हा ती तारीख नुकतीच होऊन गेलेली, पुष्पचक्रं अजून होती, फुलं सुकलेली. मुलाने सगळी नावं वाचली. मराठी आडनावं आली की थांबायचा.

जेवण वणाकबाऱ्याजवळ. आम्ही सीकेपी, त्यामुळे पापलेट आणि सुरमई बघून जीव शांत झाला, काठियावाडात दीव आणि वेरावळ सोडलं तर मासे मिळायची मारामार. आई देवदर्शनाच्या प्रवासात खात नाहीत, त्यांच्यासाठी सेव-टमेटाची भाजी आणि बाजरीचा रोटलो. एक सूचना, दीवमध्ये दारू चालते, गुजरातमध्ये नाही, परत निघताना चेकपोस्टवर गाड्या उघडून बघतात. कोणी काहीही सांगो, एक बाटली पण बरोबर घेऊ नका.

मंगळवार : सोमनाथ

कोडिनार आलं तेव्हा नवऱ्याने गाडी हळू केली. गायकवाडीतलं गाव. आता बघण्यासारखं तसलं काही दिसलं नाही, पण त्यांच्या आजोबांचा मोठा भाऊ इथे कारकून होता असं घरात बोललं जातं, म्हणून बाजारात उतरून चहा प्यायलो आणि पुढे निघालो.

सोमनाथचं मोठं देऊळ सगळ्यांना माहीत आहे. महमूद गझनीने १०२६ मध्ये लुटलं, त्यानंतर किती वेळा पाडलं आणि बांधलं, शेवटी सरदार पटेलांनी संकल्प केला आणि ११ मे १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते प्रतिष्ठा झाली. आरती सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सात. मोबाइल, कॅमेरा, स्मार्टवॉच काहीही आत नेता येत नाही, लॉकर आहेत पण गर्दीत त्यांची वेगळी लाइन असते, फोन गाडीतच ठेवा. संध्याकाळच्या आरतीला नगारे वाजत होते आणि मागे समुद्र, आईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मंदिराच्या मागे बाणस्तंभ आहे, त्यावर लिहिलंय की इथून दक्षिण ध्रुवापर्यंत मध्ये जमीन नाही.

पण मला लिहायचंय ते समोरच्या दुसऱ्या देवळाबद्दल. मोठ्या देवळापासून दोन-तीन मिनिटांवर अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेलं सोमनाथ. मूळ जागा पडलेली, तिथे पुन्हा काही उभं करणं धोक्याचं, म्हणून बाईंनी जवळच देऊळ बांधलं आणि मुख्य लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात ठेवलं. पायऱ्या उतरून खाली जायचं. १७८३ पासून १९५१ पर्यंत, दीडशेहून जास्त वर्षं, सोमनाथाची पूजा चालू राहिली ती या देवळामुळे. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या देवळाच्या लाइनीत हजारो माणसं आणि इथे मोजून दहा-बारा. त्यातलं एक जोडपं इंदूरचं निघालं, मराठीच, ते खास हे बघायलाच आलेले. काकू म्हणाल्या, "आमच्या बाईंचं देऊळ आहे, आधी इकडेच यायचं आणि मग तिकडे." मी त्यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. सोमनाथला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने इथे डोकं टेकवावं, आणि मुलांना सांगावं कोणी बांधलं ते.

बुधवार : वेरावळ, माधवपूर, पोरबंदर

वेरावळच्या बंदरावर सकाळी गेलो. लाकडी होड्या किनाऱ्यावर उभ्या उभ्या बांधतात, उंच सांगाडा आणि आत सुतार, ठोकाठोक. वास उग्र आहे, ज्यांना सहन होत नाही त्यांनी गाडीतून उतरू नये.

पुढे चोरवाड, पानाचे मळे आणि नारळ. मग माधवपूर. हा या सगळ्या प्रवासातला माझा सगळ्यात आवडता किनारा. हायवे अगदी समुद्राला खेटून जातो, एका बाजूला नारळाच्या बागा आणि दुसऱ्या बाजूला लांबच लांब मोकळी वाळू आणि निळं-हिरवं पाणी, माणूस नाही. रस्त्याच्या कडेला शहाळी विकणारे बसतात, मलईवाला म्हटलं की बरोबर तसाच काढून देतात. पोहू नका, लाटांना ओढ आहे.

माधवपूरला कृष्ण-रुक्मिणीचं लग्न लागलं अशी श्रद्धा आहे. रामनवमीपासून मेळा भरतो, वरात निघते. शहाळेवाल्याने हे सांगितलं आणि आई म्हणाल्या, अरे, रुक्मिणी तर आपल्याकडची, विदर्भातली, कौंडण्यपूरची. त्याला कौंडण्यपूर माहीत नव्हतं, पण त्याने हात जोडले आणि आईंच्या शहाळ्याचे पैसे घेतले नाहीत. "वेवाई पक्षवाळा छो ने," म्हणाला. व्याही आहात ना, मग तुमच्याकडून कसे घ्यायचे!

पोरबंदरला कीर्तिमंदिर, गांधीजींचं जन्मघर. २ ऑक्टोबर १८६९ ला ज्या खोलीत जन्म झाला तिथे जमिनीवर स्वस्तिक आहे. कळस ७९ फूट, त्यांच्या आयुष्याच्या वर्षांइतका. अरुंद जिन्यांचं घर आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावं. सुदामा मंदिर पण जवळच. गावातल्या पाणथळीत फ्लेमिंगो उभे होते, अक्षरशः वस्तीला लागून, रिक्षावाले बघतसुद्धा नाहीत आणि आम्ही अर्धा तास हललो नाही. खाजली घ्या, पापुद्र्यांची, कुरकुरीत, घरी आणायला टिकते.

पोरबंदर ते द्वारका रस्ता मस्त, दोन्हीकडे पवनचक्क्या.

गुरुवार : द्वारका, बेट, शिवराजपूर

द्वारकाधीशाच्या दर्शनाला सकाळी लवकर गेलो. दुपारी एक ते पाच देऊळ बंद असतं, त्यामुळे उशिरा उठणाऱ्यांचा दिवस जातो. गोमतीच्या घाटाकडून छप्पन्न पायऱ्या चढून स्वर्गद्वाराने आत जाता येतं, दुसरीकडे मोक्षद्वार. वर ५२ गजांची ध्वजा, ती दिवसातून बऱ्याच वेळा बदलतात, नवी ध्वजा घेऊन घरचे लोक वाजतगाजत येतात, ते बघायला मिळालं. कळसापर्यंत चढून ध्वजा बांधणारा माणूस बघून छातीत धडधडतं. देवळाचे पुजारी गुगळी ब्राह्मण. आमचे पंडाजी चक्क मराठी बोलले. म्हणाले महाराष्ट्रातून एवढ्या बस येतात की मराठी आलीच पाहिजे.

गावाबाहेर दोनेक किलोमीटरवर रुक्मिणीचं देऊळ. ते वेगळं का, तर दुर्वासांचा शाप. कृष्ण-रुक्मिणी त्यांचा रथ ओढत होते, रुक्मिणीला तहान लागली, कृष्णाने पायाच्या अंगठ्याने गंगा काढली, ती दुर्वासांना न विचारता प्यायली. म्हणून नवऱ्यापासून दूर राहण्याचा शाप, आणि इथलं पाणी खारं. अजूनही इथे जलदान करतात.

आम्ही रांगेत होतो तेवढ्यात अमरावतीकडची बस आली. पंचवीस-तीस बायका, नऊवारी, डोक्यावर पदर. सगळ्यांत पुढे असलेल्या आजींच्या हातात पिशवी, त्यात हिरवी साडी, बांगड्या, आणि घरच्या ज्वारीचं पीठ. आईंनी विचारलं पीठ कशाला? म्हणाल्या, "लेकीले भेटाले आलो बाई आमी. आमच्या गावची लेक हाये ते. माहेरून रिकाम्या हातानं येतेत का कोनी?" पुजाऱ्याने साडी मूर्तीच्या पायाशी ठेवली, पीठ पण घेतलं, हसला नाही, विचारलं नाही, त्याला सवय असणार. आजी मूर्तीकडे बघून म्हणाल्या, "वाळली वं माय तू." आणि सगळ्या बायका रडायला लागल्या. माझ्या सासूबाईंनी आपल्या ओटीतला नारळ त्या आजींच्या हातात दिला की तुमच्या हाताने वाहा. मी बरीच देवळं बघितली आहेत, असं काही बघितलं नव्हतं. निघताना आजींनी आमच्या मुलाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

दुपारी शिवराजपूर बीच, द्वारकेपासून बारा किलोमीटर. २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या आठ ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) किनाऱ्यांत याचं नाव आलं, दीवचं घोघला पण त्याच यादीत. स्वच्छ, उथळ, पाणी इतकं पारदर्शक की पायाची बोटं दिसतात. आत जायला तिकीट आहे, कपडे बदलायची सोय आहे. आईंनी खुर्ची मांडून पाय पाण्यात सोडले आणि उठायलाच तयार नव्हत्या.

मग ओखा. वाटेत मीठापूर, मिठाचे पांढरे डोंगर. कपिलराम वकील यांनी गायकवाडीच्या काळात इथे मिठागरं उभी केली आणि १९३९ मध्ये टाटा केमिकल्स सुरू झालं. ओखा बंदर पण बडोदा संस्थानाने उभं केलेलं. ओखामंडळचा कारभार १८१७ च्या सुमारास गायकवाडांकडे आला, आणि इथल्या वाघेर जमातीच्या लोकांनी जोधा माणेक, मुळू माणेक यांच्या पुढारपणाखाली गायकवाड आणि इंग्रज दोघांशी झुंज दिली. बंदरावरच्या चहावाल्याला आम्ही बडोद्याचे कळल्यावर तो म्हणाला, "तुमच्या राजाशी आमचे लढले." म्हणाला आणि चहा पुढे केला. मला वाटतं दोन्ही गोष्टी मुलांना सांगायला हव्यात, महाराजांनी बांधलेलं बंदर आणि वाघेरांची लढाई पण.

बेट द्वारकेला आधी बोटीने जावं लागायचं, खच्चून भरलेल्या. २५ फेब्रुवारी २०२४ ला सुदर्शन सेतू सुरू झाला, २.३२ किलोमीटरचा केबल पूल, आता गाडी थेट जाते. संध्याकाळी पाचच्या पुढे दर्शन शांतपणे झालं. गाडी नसेल तर बडोद्याहून सौराष्ट्र मेल सरळ ओख्यापर्यंत येते, द्वारकेला उतरा आणि तिथून रिक्षा ठरवा.

शुक्रवार : नरारा, जामनगर

ज्यांना देवदर्शनात रस नाही त्यांनी फक्त यासाठी यावं. द्वारका-जामनगर रस्त्यावर वाडीनारजवळ नरारा, मरीन नॅशनल पार्कचा भाग. १९८२ मध्ये झालेलं हे भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. बोट नाही, डायव्हिंग नाही, ओहोटीला चालत जायचं आणि समुद्राचा तळ बघायचा. गेटवर परवाना काढला आणि गाइड मिळाला, जवळच्याच गावातला तरुण मुलगा. आई गेटजवळच्या सावलीत थांबल्या, आम्ही तिघं घोट्याभर पाण्यातून निघालो.

पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही, दगड आणि शेवाळं. मग तो वाकतो, बोट दाखवतो, आणि दगड हलतो. खेकडा. पुढे समुद्री काकडी, फुलासारखं उघडणारं ॲनिमोन, सापासारखे हात हलवणारी ब्रिटल स्टार. जिवंत प्रवाळ, हिरवट-तपकिरी, मेंदूसारख्या वळ्यांचं. आणि मग ऑक्टोपस! भोकातून एक हात बाहेर आला, मग दुसरा, आणि बघता बघता त्याने दगडाचा रंग घेतला, आम्ही तिघं त्याच्याकडेच बघत असून आम्हाला दिसेनासा झाला. मुलगा ओरडलाच. क्षितिजावर तेलाच्या टाक्या आणि जहाजं, आणि पायाशी हे.

गाइडने सांगितलं की काही लोक पफर मासा हातात घेऊन फुगवून दाखवा म्हणून हट्ट धरतात, व्हिडिओसाठी. तो मासा जिवाच्या भीतीने फुगतो. प्लीज असा आग्रह कोणी करू नका, आणि कोणी स्वतःहून दाखवत असेल तर नको म्हणा. प्रवाळावर पाय देऊ नका, गाइडच्या मागे त्याच्याच पावलावर चाला. जुने बूट घाला, चपला उपयोगाच्या नाहीत, खडक कापतो. कोळियाकसारखंच इथेही ओहोटीची वेळ आधी फोनवर विचारून घ्या, भरतीला गेलात तर नुसतं पाणी दिसेल.

जामनगरला संध्याकाळी लाखोटा तलाव, तिखट घुघरा, कोरडी कचोरी आणि बांधणी. शेजारी बाला हनुमान मंदिरात १ ऑगस्ट १९६४ पासून अखंड रामधून चालू आहे, दिवस-रात्र, गावातले लोक पाळीने येऊन बसतात. आई रात्री जेवणानंतर जाऊन तासभर बसल्या, झांजा पण वाजवल्या.

शनिवार : परत

जामनगर, राजकोट, बगोदरा, बडोदा, रस्ता चांगला आहे, राजकोटला पेढ्यांसाठी थांबलो बाकी कुठे नाही. खर्चाचं विचारतात म्हणून, दीव सोडलं तर राहणं-खाणं गोव्यापेक्षा खूप स्वस्त पडलं, सोमनाथ आणि द्वारकेला ट्रस्टच्या धर्मशाळा आहेत त्या आणखी स्वस्त, फक्त आधी बुक करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ, जन्माष्टमी आणि दिवाळीची गर्दी टाळा.

बगोदऱ्याच्या आसपास आईंनी मागच्या सीटवरून दांडियाबाजारातल्या आपल्या बहिणीला फोन लावला. चैत्रात माधवपूरच्या मेळ्याला जायचंय, रामनवमीच्या आधी एक दिवस पोचायचं, हिरवी साडी मी घेते, ज्वारीचं पीठ तू दळून आण.